पिवळ्या पोटाचा बेडूक

सामंतसरांचा विषय निघाला की आमच्या बँकेतले लोक अजून त्यांच्या अक्षराबद्दल बोलतात. मला त्यांचे हात आठवतात. संध्याकाळी घरी पोचले की ते आधी कोपरापर्यंत साबण लावून हात धुवायचे, पंच्याने पुसायचे आणि मग पंख्याखाली दोन्ही हात पुढे करून उभे राहायचे. पुरते कोरडे झाल्याशिवाय कपाटाच्या किल्लीला हात लावायचा नाही, हा नियम. देवपूजेला यांचं इतकं सोवळं नसतं, असं सुनंदाकाकू, म्हणजे त्यांची बायको, सांगायच्या. त्यात तक्रार नसायची. कामोठ्यातल्या त्यांच्या लहानशा फ्लॅटमध्ये पाहुणे हॉलमध्ये गाद्या टाकून झोपत आणि बेडरूमची एक अख्खी भिंत खेळण्यांना दिलेली होती, हे त्यांनी केव्हाच मान्य करून टाकलं होतं.

'खेळणी' हा शब्द सर चालू द्यायचे नाहीत. ते 'फिगर' म्हणायचे. व्हिडिओ गेममधली पात्रं असतात, कुणी तलवारवालं, कुणी पंखवालं, त्यांच्या वीतभर उंचीच्या मूर्ती परदेशी कंपन्या काढतात, मोजक्याच काढतात, आणि जगभरातले लोक त्या जमवतात. हे सगळं मला सरांमुळे कळलं. त्यांनी मुलीसाठी गेम घरात आणला होता. मुलगी थोड्याच दिवसांत कंटाळली, सर नाही कंटाळले. पुढे मुलगी लग्न होऊन पुण्याला गेली आणि तिच्या कपाटाच्या जागी काचेचं कपाट आलं. त्यातली एकही फिगर खोक्याबाहेर काढलेली नव्हती. खोक्याला पुढून पारदर्शक खिडकी असते, तिच्यातून बघायचं. खिडकीचे पडदे बारा महिने ओढलेले, कारण उन्हानं रंग जातो. पनवेलच्या हवेत खाडीचा ओलावा असतो, पुठ्ठा फुगतो, म्हणून औषधांच्या बाटल्यांत ओल शोषणाऱ्या ज्या पुड्या येतात त्या सेक्टरमधला केमिस्ट त्यांच्यासाठी जमवून ठेवायचा.

मी त्यांच्याच शाखेत काउंटरला होते. राहायला दोघंही कामोठ्यात, गाडी माझी, सरांना चालवता येत नसे. त्यामुळे रोज जाता-येता ते माझ्या शेजारी बसलेले असत. मांडीवर बॅग आणि बॅगेवर दोन्ही हात. त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं, "वस्तू ज्याला कळते, त्याची." कुणी एखादी दुर्मीळ फिगर मिळवली की ते आधी विचारायचे, त्याला कळते का? उत्तर बहुधा त्यांनीच दिलेलं असायचं, आणि ते 'नाही' असायचं.

पण कामातला त्यांचा हात फार मऊ होता, हेही सांगायला हवं. मी नवीन असताना नेऱ्याच्या बाजूचा आमचा एक खातेदार वारला. त्याच्या बायकोला चालता येत नव्हतं, म्हणून कागदांवर अंगठा घ्यायला सर स्वतः निघाले आणि मला बरोबर घेतलं. गाडीत मला म्हणाले, "मनीषा, आपल्याला पाणी देतील. ते पिऊन झाल्याशिवाय बॅगेची चेन उघडायची नाही. त्यांचं माणूस गेलंय. आपलं काम नंतर." त्या म्हातारीनं आम्हाला नवऱ्याच्या म्हशीबद्दल सांगायला सुरुवात केली आणि बराच वेळ तेच सांगत राहिली. सर मान हलवत ऐकत होते. म्हशीचं नाव त्यांनी दोनदा विचारलं. कागद अगदी शेवटी काढले. मी बँकेचं काम नियमावलीतून कमी शिकले, त्या ओसरीवर जास्त शिकले.

जमवणाऱ्यांचा त्यांचा एक गट होता. फोनवर रोज बोलणं आणि रविवारी कुणाच्या तरी घरी बैठक. सरांना पोचवायला मीही जायचे, चहा प्यायचे आणि गंमत बघायचे. त्यात रोहिदास घरत होते. कामोठे गावातले मूळचे, पिढीजात शेती आणि मिठागरं. जमीन नव्या वसाहतीच्या सेक्टरांत गेली, आता दोन इमारती आणि कळंबोलीला लोखंडाच्या बाजारात गोडाऊन. अंगानं आडवे, गळ्यात साखळी, हसणं मोठं. ते फिगर आणायचे आणि आणल्या क्षणी खोकं फोडायचे. सरांना ते सहन होत नसे.

पनवेलच्या बाजारातल्या एका दुकानात मागवलेल्या फिगर येत. तिथे एक ड्रॅगन येणार होता. सरांनी दुकानदाराला सांगून ठेवलं होतं की तो आपल्यासाठी बाजूला काढून ठेवा. पैसे दिले नव्हते, नुसतं सांगितलं होतं. ड्रॅगन आला त्या दिवशी घरत दुकानात गेले, पैसे दिले आणि घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी सर मला घेऊन दुकानात गेले. आवाज न चढवता त्याला म्हणाले की तुम्ही ती फिगर विकली नाहीत, वाया घालवलीत. त्या दुकानदाराला शेवटपर्यंत कळलं नसावं की त्याचं चुकलं काय. पुढच्या रविवारी घरतांनी तोच ड्रॅगन बैठकीत आणला आणि सगळ्यांसमोर गाडीच्या किल्लीनं खोक्याची टेप फाडली. सर उठून बाल्कनीत गेले. घरत आतून म्हणाले, "सर, तुमी नुसते बघत बसता. आमी खेलतो."

 येताना गाडीत सर म्हणाले, "जमिनी विकून अक्कल येत नाही." मला ते टोचलं. ज्या जमिनीवर आमच्या दोघांच्या इमारती उभ्या होत्या तिच्याबद्दलच ते बोलत होते, आणि हे त्यांच्या लक्षातही आलं नव्हतं. मी रेडिओ लावला.

या सगळ्यांत मिलिंद देसाई हा एकटा माणूस कुणाशी भांडायचा नाही. कळंबोलीला ट्रक टर्मिनलवर एका वाहतूक कंपनीच्या ऑफिसात होता. एक्सप्रेसवे सुरू होतो तिथे, पुण्याच्या गाड्यांच्या थांब्यासमोर, त्याचं घर. सर आणि घरत एकमेकांशी बोलेनासे झाले की मध्ये मिलिंद बसायचा आणि दोघांच्या कपात चहा ओतायचा. त्याच्याकडे असलेली एक फिगर मात्र गटातल्या प्रत्येकाला हवी होती. चिलखत घातलेला, हातात ढाल धरलेला बेडूक. गेममध्ये हा बेडूक फार थोडा वेळ येतो म्हणे. त्याचं पोट हिरवं असायला हवं होतं, कारखान्यात काही चूक झाली आणि थोडे बेडूक पिवळ्या पोटाचे निघाले. ते लगेच परत मागवले गेले, पण त्यातला एक मिलिंदच्या, बोटीवर नोकरीला असलेल्या चुलतभावाला कुठल्याशा बंदरात मिळाला. मिलिंदनं तो कधी कुणाला दाखवला नाही. विचारलं की म्हणायचा, आहे घरी, मजेत आहे. तो सीलबंद असणार असं सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं. सर त्याच्याबद्दल बोलताना आवाज खाली आणायचे. शेवटी तो आपल्याकडेच येणार असं त्यांना वाटायचं, कारण त्या पिवळ्या रंगाची कथा त्यांच्याइतकी दुसऱ्या कुणाला माहीत नव्हती.

मिलिंद अचानक गेला. ऑफिसातच छातीत कळ आली. वय पन्नासच्या आतलं. बातमी आली तेव्हा सर माझ्या गाडीत रडले. ते रडणं खरं होतं, हे मी आजही कुणालाही सांगेन.

दहावं व्हायचं होतं तेव्हा आम्ही भेटायला गेलो. हॉलमध्ये मिलिंदचा फोटो, हार, समई. त्याची बायको ज्योतीताई भिंतीला टेकून बसलेली, शेजारी तिचा भाऊ. घरत आमच्या आधी येऊन खाली सतरंजीवर बसले होते. कुणीतरी पाणी आणून दिलं. थोडा वेळ अशा घरी होतं ते बोलणं झालं, कसं झालं, डॉक्टर काय म्हणाले. मग घरत खाली बघत म्हणाले, "वहिनी, आता लगेच नाय, पन मिलिंदचा तो बेडूक कवा कुनाला द्यायचा झाला तर मला सांगा. मला बोल्ला व्हता तो, तुलाच देईन म्हनून."

 सरांनी हातातला पाण्याचा पेला खाली ठेवला. तो भरलेलाच होता. ते म्हणाले, "घरतशेठ, ही वेळ आहे का हे बोलायची?"

मला त्या क्षणी सरांचा अभिमान वाटला. तो फार टिकला नाही. सर ज्योतीताईकडे वळले आणि त्याच मऊ आवाजात म्हणाले, "आणि खरं सांगायचं तर वहिनी, मिलिंदनं तो मला देऊ केला होता. तसं स्पष्ट बोलला होता माझ्याजवळ."

मी सरांबरोबर इतकी वर्षं गाडीतून जात होते. असं काही झालं असतं तर त्यांनी मला त्याच संध्याकाळी सांगितलं असतं, आणि पुढचा महिनाभर रोज सांगितलं असतं. घरतांनीही मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. दोघं एकमेकांकडे बघत होते आणि दोघांनाही दुसऱ्याचं खोटं दिसत होतं.

ज्योतीताई मात्र पुढे सरकली. तिला संशय आला म्हणून नाही. इतके दिवस येणारा प्रत्येक जण तिला मिलिंद किती चांगला होता ते सांगत होता, तिला आधीच माहीत असलेलं. त्यानं बोललेलं, पण तिनं न ऐकलेलं असं एखादं वाक्य अजून कुणी आणलं नव्हतं. तिनं विचारलं, "कधी म्हणाला?"

"दिवाळीत. आम्ही दोघंच होतो."

"काय म्हणाला नेमकं? सांगाल का मला?"

सरांनी बॅगेकडे पाहिलं. मग फोटोकडे न बघता म्हणाले, "म्हणाला, माझ्यामागं हा तुम्ही घ्या. आणि म्हणाला, ज्योतीनं माझ्या या वेडाला कधी नावं ठेवली नाहीत. असं माणूस मिळायला नशीब लागतं."

"असं म्हणाला?" ती भावाकडे वळली. "ऐकलंस?" आणि मग ती रडली. भाऊ नंतर जिन्यात मला म्हणाला की चारचौघांत ती आज पहिल्यांदा रडली, बरं झालं तुम्ही आलात.

डोळे पुसून ती उठली आणि टीव्हीजवळून काहीतरी घेऊन आली. तिच्या तळहातावर बेडूक होता. खोकं नव्हतं. ढालीचा कोपरा तुटलेला, डोक्यावरचा हिरवा रंग घासून पांढरट झालेला. ती म्हणाली की खोकं त्यानं आणल्या दिवशीच फोडलं, रोज ऑफिसला निघताना याच्या डोक्यात टिचकी मारून जायचा.

पेटीतून डागी आंबा निघावा तसा सरांचा चेहरा झाला. क्षणभरच. ज्योतीताईच्या डोळ्यांत पाणी होतं, तिला ते दिसलं नसावं. मला दिसलं, आणि कुठे बघावं ते कळेना म्हणून मी समईकडे बघत राहिले. सरांनी दोन्ही हात पुढे करून बेडूक घेतला. दुसरं काही करण्यासारखं त्यांनी स्वतःला ठेवलं नव्हतं. घरत उठले, दोन्ही हात जोडले आणि चपला पायात न घालता हातात घेऊन जिना उतरले.

कामोठ्याच्या वळणावर आल्यावर सर म्हणाले, "तो असं काही म्हणाला नव्हता."

मी म्हटलं, "हो, सर."

बेडूक त्यांनी घरी नेला नाही. सीलबंद खोक्यांच्या कपाटात तो बसत नव्हता, आणि काकूंना काय सांगणार हाही प्रश्न असावा. त्यांनी तो बँकेत टेबलाच्या खालच्या खणात ठेवला. शिक्के काढायला खण उघडला की तो दिसायचा, मग त्यांनी शिक्के वरच्या खणात हलवले.

मिलिंदच्या तोंडी घातलेलं त्यांचं वाक्य इकडे सगळीकडे फिरत होतं. तेराव्याला ज्योतीताईनं ते सासरच्या मंडळींना सांगितलं. गटातल्या लोकांनी सरांना फोन करून सांगितलं की मिलिंद तुम्हाला किती मानत होता. ज्योतीताई स्वतःही मधूनमधून त्यांना फोन करायची. काही काम नसायचं. एकदा तिनं विचारलं की हे म्हणताना तो हसत होता का? सरांनी हो म्हटलं. फोन ठेवून ते बराच वेळ बेसिनपाशी उभे होते.

एक दिवस घरत बँकेत आले. काम काहीच नव्हतं. सरांच्या समोरच्या खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "सर, मी खोटं बोल्लो व्हतो." सरांनी पेन खाली ठेवलं. घरत म्हणाले, "तुमीबी. पन तुमी बोल्ला त्यानं तिला बरं वाटलं. आता काय ते आपल्या दोघांतच राऊ द्या. तिला काय बी सांगू नका." सरांनी मान हलवली. इतक्या वर्षांत त्या दोघांचं एकमत झालेलं मी पहिल्यांदा पाहिलं. सरांनी त्यांच्यासाठी चहा मागवला आणि दोघांनी तो घेतला.

पुढेही ते तसंच राहिलं असतं. पण वर्ष भरत आलं तेव्हा ज्योतीताईचा फोन आला. मिलिंदच्या पुण्यस्मरणाची जाहिरात ती इथल्या पेपरात देणार होती, फोटोखाली ते वाक्य आणि सरांचं नाव. तिनं वाक्य वाचून दाखवलं आणि विचारलं, शब्द बरोबर आहेत ना. सर म्हणाले की मी येऊन सांगतो.

त्यांनी खणातून बेडूक काढला आणि रुमालात गुंडाळला. गाडीत मी विचारलं की नक्की सांगणार आहात का. ते म्हणाले, "छापून येईल, मनीषा. खाली माझं नाव येईल." त्या वेळी मला ते बरोबरच वाटलं.

ज्योतीताईनं दार उघडलं तेव्हा ती प्रसन्न दिसत होती. तिनं मजकूर लिहून ठेवला होता. सरांनी पाणी घेतलं, पूर्ण प्यायले, आणि सगळं सांगितलं. काही लपवलं नाही, स्वतःची बाजू घेतली नाही. मिलिंद माझ्याशी असं कधीच बोलला नव्हता, मला बेडूक हवा होता म्हणून मी ते बोललो, तुम्ही विचारत गेलात तसं वाढवत गेलो.  संपल्यावर त्यांनी रुमाल उघडला आणि बेडूक तिच्यासमोर ठेवला.

ती ओरडेल असं मला वाटलं होतं. तिनं बेडकाकडे पाहिलं. मग म्हणाली, "त्या दिवशी तुम्ही हा न्यायला आलात, सर. आज मोकळं व्हायला आलात. दोन्ही वेळा तुम्हाला जे हवं होतं ते घेऊन चाललात."

सरांनी रिकाम्या रुमालाची घडी घातली.

"जाहिरातीतलं वाक्य तुम्ही फोनवरही काढायला लावू शकला असतात. नुसतं नको म्हणाला असतात तरी मी काढलं असतं. माझ्याजवळ ते राहिलं असतं." तिनं लिहिलेला कागद उचलला, घडी केली. "याला टीव्हीजवळ ठेवा. उजव्या बाजूला. आणि या आता."

सरांनी बेडूक टीव्हीजवळ ठेवला. तो एकदा कलंडला, त्यांनी पुन्हा उभा केला. जाहिरात आली तेव्हा तिच्यात फक्त फोटो होता आणि खाली घरच्यांची नावं.

त्यानंतर सर निवृत्त होईपर्यंत तसेच वेळेवर येत राहिले, तसंच सुरेख अक्षर काढत राहिले. 'वस्तू ज्याला कळते' हे मात्र मी पुन्हा कधी ऐकलं नाही. बैठकांना जाणं थांबलं. मुलीनं पुण्याला बोलावून घेतलं तेव्हा कपाट कुठे न्यायचं हा प्रश्न आला. घरतांनी टेम्पो आणि माणसं पाठवली. मी तिथे होते. सर म्हणाले की सगळं तुम्हीच घ्या. घरत म्हणाले, "घेत नाय, सर. ठेवतो." नेऱ्याच्या त्यांच्या फार्महाऊसवर ती खोकी एका खोलीत आहेत. त्यांनी एकही फोडलेलं नाही, असं मी ऐकते.

सरांना मी शेवटचं पाहिलं ते कळंबोलीच्या थांब्यावर. फ्लॅटचं काही काम उरलं होतं म्हणून ते एकटे आले होते, आणि पुण्याच्या गाडीसाठी मी त्यांना सोडायला गेले. थांब्याच्या बऱ्याच अलीकडे त्यांनी मला गाडी थांबवायला सांगितली, इथून चालत जातो म्हणाले. मी पुढे जाऊन पुलाखालून वळून परत आले तेव्हा ते थांब्यावर उभे दिसले. पांढरा शर्ट, हातात बॅग. सगळे प्रवासी गाडी येते त्या बाजूला माना वळवून बघत होते. त्या बाजूला रस्त्यापलीकडे ज्योतीताईची इमारत होती. सर तेवढे एकटे उलट्या दिशेला तोंड करून उभे होते, रिकाम्या रस्त्याकडे बघत. गाडी येऊन उभी राहिली, लोक चढू लागले, तरी त्यांना कळलं नाही. शेवटी मागच्या एका बाईनं त्यांच्या दंडाला हात लावला. त्यांनी मान खाली घातली आणि तशीच खाली ठेवून ते गाडीत चढले.